वाटीभर मीठ

तिने मिठाची वाटी केकच्या मिश्रणात उपडी केली आणि ते भराभर घोटून टाकलं. साखर रीतसर घालून झाली होती. अंडी, लोणी, मैदा, सगळं वडिलांनी बेकरीत शिकवलं होतं तसंच. फक्त वर हे मीठ. सुट्टीचा दिवस होता, चहाला घरातले सगळे एकत्र बसणार होते. आज काय तो सोक्षमोक्ष लागणार होता.

झालं होतं असं, की मध्यंतरी तापाने अंथरुणाला खिळलेली ती उठली खरी, पण जिभेची चव आणि नाकाचा वास तापाबरोबर गेला तो परत आलाच नाही. हे तिने कुणालाही कळू दिलं नाही. सांगणार तरी कसं? या घरात ती ओळखली जायची ती बेकरीवाल्याची लेक म्हणून. सासरे तर आल्यागेल्याला बजावायचे, आमच्या सुनेच्या हातचा केक खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. मग ती अंदाजाने करत राहिली आणि घर वाहवा करत राहिलं. आज गोड जास्त झालं, आज जरा करपलं, असं एकदासुद्धा कुणी म्हणालं नाही. इतकं कौतुक खरं कसं असेल? मनात शंकेची पाल एकदा चुकचुकली ती थांबेना. नवरा 'छान दिसतेस' म्हणाला तरी ती त्याच्याकडे रोखून बघायला लागली. जो केकबद्दल तोंडदेखलं बोलतो, तो आणखी कशाकशाबद्दल बोलत असेल? अशा माणसाबरोबर अख्खा जन्म काढायचा?

आणि सासूबाई! त्यांनी आयुष्यात कधी केक केला नव्हता. पण हल्ली ही घोटायला लागली, की त्या स्वयंपाकघरात हजर. कधी पाणी प्यायला, कधी फडकं शोधायला. हिची पाठ वळली की त्यांचं बोट भांड्यात. हिने ते कपाटाच्या काचेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. चुका काढायच्या तर तोंडावर काढाव्यात, हे चोरून चाखणं कशाला?

मिश्रण केकच्या भांड्यात ओतून, ओव्हन तापत ठेवून ती गच्चीवर गेली. धुतलेल्या चादरी वाळत घालायच्या होत्या. वाऱ्याने त्या काही सरळ राहीनात, चांगलाच वेळ गेला. खाली आली तर सासूबाई ओट्याशी उभ्या. नळ धो धो वाहत होता.

"काय करताय, आई?"

"कुठे काय? हात धुतेय."

हात धुवायला बाह्या कोपरापर्यंत कशाला सारायच्या, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिने गिळलं. केकचं भांडं जागेवर होतं. सासूबाईंवरची नजर न काढताच तिने ते ओव्हनमध्ये सरकवलं.

चहाच्या वेळी तिने सगळ्यांच्या बशीत एकेक तुकडा वाढला आणि सगळ्यांचे चेहरे दिसतील अशी खुर्ची धरली. सासऱ्यांनी पहिला घास घेतला.

"वा!"

नणंदेने तोंडातला घास संपायच्या आत दुसऱ्या तुकड्याला हात घातला. नवरा बोटं चाटत म्हणाला, "आज जरा घट्ट झालाय का? पण मस्त आहे."

वाटीभर मीठ, आणि मस्त! इतकं सराईत खोटं बोलतात ही माणसं? सासूबाईंनी मात्र बशीला हात लावला नव्हता. त्या एकेकाच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या, अगदी तिच्यासारख्याच. म्हणजे यांना मीठ ठाऊक आहे. चाखलं असणारच. आणि आता बसल्यात गंमत बघत.

"पुरे झालं!" ती उठून उभी राहिली. "खोटारडे आहात तुम्ही सगळे. वाटीभर मीठ घातलंय मी त्यात, मुद्दाम! ताप आल्यापासून मला कशाचीच चव लागत नाही. आणि तुम्ही लहान मुलासारखी माझी समजूत काढताय!"

कप जिथल्या तिथे थांबले. नणंदेने हातातला तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"वहिनी, मीठ कुठंय यात?"

"अगं, गोड आहे हा," नवरा म्हणाला. तो खरोखरच गोंधळला होता.

"मुद्दाम घातलंस?" सासूबाईंचा चेहरा पडला. "मला वाटलं, चुकून पडलं."

तिला काही कळेना.

"तुझी चव गेलीय हे मला केव्हाच कळलं होतं. दूध करपून घरभर वास सुटला, आणि तू शेगडीशी उभी राहून गाणं गुणगुणत होतीस. तू सांगितलं नाहीस, मग मीही विचारलं नाही. फक्त बोट घालून बघत आले, कुठे चुकलंच तर सावरता यावं म्हणून. पण कधी काही करावंच लागलं नाही, इतका हात बसलाय तुझा. आज पहिल्यांदा मीठ लागलं. तू गच्चीवर होतीस. ते ओतून दिलं, आणि तू करतेस ते आठवून आठवून दुसरं घोटलं."

ती परत खुर्चीत बसली. लाजेने मान वर होईना, आणि रडू तर लाजेच्याही पुढे धावत होतं. नवऱ्याने तिचा हात धरला. या खेपेला तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं नाही.

सासूबाईंनी न खाल्लेला आपला तुकडा तिच्या बशीत ठेवला.

"आयुष्यात पहिल्यांदा केलाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "हे सगळे छान म्हणतायत, पण घरच्यांच्या कौतुकाचा काय भरवसा? तुझी चव परत आली की पुन्हा करीन, तेव्हा तू खाऊन खरं काय ते सांग."