बेटावर जायचा खरा महिना

वर्तमानपत्राच्या पर्यटन पुरवणीचा उपसंपादक गेली नऊ वर्षं बायकोला एका दूरच्या बेटावर नेणार होता. तिथे फिरायचा खरा महिना फेब्रुवारी; पण तिकडे जाणारी बोट एकच, आणि फेब्रुवारीची तिकिटं दरवर्षी तासाभरात संपायची. यंदा मात्र बुकिंग उघडून दोन दिवस झाले तरी बोट चक्क रिकामी! तो शीळ घालतच घरी पोचला.

दारातच बायको म्हणाली, “अहो, तुमच्या भरवशावर बसले तर कवळी लावूनच जाईन मी बेटावर. शेवटी मीच काढली तिकिटं. ऑगस्टची! दवाखान्यातल्या माझ्या नोकरीची वर्षभराची सगळी रजाही तेव्हाच टाकली. आता ती बदलून मिळणार नाही हं.”

“ऑगस्ट? अगं, तेव्हा वादळात छपरं उडतात तिथली! आठ दिवस खोलीत कोंडून बसावं लागेल. कुठल्या गाढवाने सांगितलं तुला?”

बायकोने गेल्या महिन्याची पुरवणी त्याच्यापुढे धरली.

&nbsp;

फेब्रुवारीतली गर्दी हटावी म्हणून त्यानेच ठोकून दिलेला लेख होता तो: ‘बेटावर जायचं, तर ऑगस्टमध्येच!’