तीन सेकंदांची जागा

वैजयंती चार वर्षं यंत्राच्या प्रेक्षकांसमोर विनोद घोटत आली होती. सरावाच्या खोलीत प्रत्येक विनोदानंतर यंत्रातून शंभर आवाज हसायचे, बरोबर तीन सेकंद. मग ती पुढचं वाक्य घ्यायची. हल्ली सगळेच विनोदवीर अशा खोल्यांत घडत. सरावाला खरी माणसं मिळतच नसत.

आज इचलकरंजीच्या वाचनालयात पहिल्यांदाच अकरा खरी माणसं समोर होती. आज जमलं नाही, तर हा नाद सोडायचा, असं तिनं थकून ठरवलं होतं.

"आमची आई पंख्याला विचारते, दमलास का रे?"

(तीन सेकंद.)

कुणी हसलं नाही.

"मला मात्र कधी विचारत नाही."

(तीन सेकंद.)

पहिल्या रांगेतले म्हातारे दत्तोबा कळवळून म्हणाले, "विसरलीस का गं पोरी? असू दे, सावकाश आठव. आम्हाला कुठं जायचंय!"

"विसरले नाही हो आजोबा. तुम्ही हसाल म्हणून थांबलेय मी."

आधी एक बाई हसली. मग मागचं कुणी, मग सगळे, पुढेमागे, वेडेवाकडे. तीन सेकंद उलटले, तरी दत्तोबा खोकत खोकत हसतच होते. आता बोलायचं कधी, हे वैजयंतीला कळेना. ती मंचाच्या कडेला बसली आणि चार वर्षांत पहिल्यांदाच न मोजता थांबली.