वाकडी उशी

भोंगा बंद होऊन बराच वेळ झाला होता, हे सिस्टरच्या आत्ता लक्षात आलं.

खिडकीजवळच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं 'भोंगा' हे नाव वॉर्डनं ठेवलं होतं. फुप्फुसाचं दुखणं जुनं, पण तोंडाचा पट्टा धडधाकट. उशी वाकडी आहे, चहा पाणचट आहे, नळी नाकात टोचतेय, सिस्टर बहिऱ्या आहेत. सकाळपासून त्यानं सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. धाप लागली तरी धापेतच बोलायचा. त्याच्या म्हातारीला तर बूड टेकायची सोय नव्हती.

आणि आता चिडीचूप. सिस्टर दोनदा त्या खाटेजवळून गेली होती, दोन्ही वेळा मनात 'सुटले बाई एकदाची' म्हणत. तिसऱ्यांदा तिचा पाय अडला. हा माणूस, आणि इतका गप्प?

ती जवळ आली तशी म्हातारीनं ओठांवर बोट ठेवलं.

"उठवू नका हो. कालपासून आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा. आणि ते बोटाचं मशीन बघा, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव! सकाळी नव्वदच होते." नातू पहिला आल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता.

सिस्टरनं नाडी बघायच्या निमित्तानं मनगट धरलं आणि नजर छातीवर ठेवली. हात गरम, नाडी दणदणीत. छाती उचलली, बसली आणि नुसतीच थांबली. कितीतरी वेळानं छाती पुन्हा जराशी हलली.

तिनं भिंतीकडे पाहिलं. ऑक्सिजनच्या काचेच्या नळीतली गोळी तिनं स्वतः दोनवर ठेवली होती. ती आठवर नाचत होती.

"ह्याला कुणी हात लावला?"

"हवा पुरत नाही म्हणत होते. मला बघवेना. एवढा भिंतीत भरलाय, मग कशाला हात आखडता घ्यायचा, म्हटलं."

"आजोबा! डोळे उघडा! आजोबा!" सिस्टरनं छातीच्या हाडावर मूठ रगडली, गोळी खाली आणली, खाटेचं डोकं वर केलं, डॉक्टरांना हाक मारली. म्हातारीनं तिचा दंड धरला.

"कमी काय करताय! जीव घेता का त्यांचा?"

"आजी, सोडा. त्यांच्या छातीला वर्षानुवर्षं थोडक्यात भागवायची सवय आहे. फार मिळालं की ती श्वास घ्यायचा आळस करते आणि वाईट हवा आतच साठत जाते. त्यांना नव्वदच बरे. ही झोप नाही, आजी."

म्हातारीचा हात गळून पडला.

"आणि मी त्यांचं कपाळ थोपटत बसले होते हो."

मीही दोनदा इथून गेले, असं सिस्टरच्या अगदी ओठांवर आलं. पण तेवढ्यात डॉक्टर धावत आले. पट्टे आवळून मास्क चढला आणि मशीन फुसफुस करत हवा आत ढकलू लागलं.

मग दोघींचंही कशात लक्ष लागेना. सिस्टर दुसऱ्या खाटेवर औषध द्यायला जायची आणि उगाचच वळसा घालून ह्या खाटेजवळून परतायची. म्हातारी खुर्चीत बसायची, उठायची, मशीनकडे बघायची आणि घाबरून हात पाठीमागे घ्यायची.

दुपार कलता कलता मास्कच्या आतून घोगरा आवाज आला.

"उशी... वाकडी."

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. म्हातारीनं लगबगीनं उशी सरळ केली.

"अजून बोला," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "काय काय बोलायचंय ते सगळं बोला."

पण आता उशी नीट झाली होती. म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि तो गप्प झाला.

सिस्टरनं छातीकडे पाहिलं. उचलत होती, बसत होती, न चुकता. आता मात्र ही झोपच होती. आजींना तसं सांगावं म्हणून ती वळली.

म्हातारीनं उशीचं एक टोक धरलं होतं आणि ती ते हळूच ओढून वाकडं करत होती.