वाळेपर्यंत

नवीन नेलपॉलिश लावून मी दहाही बोटं फाकवून सोफ्यावर बसले होते. वाळता वाळता त्याला आपोआप तडे जातात, तीच त्याची फॅशन.

"तडे गेलेलं नेलपॉलिश? दुकानदाराने चांगलंच गंडवलंय तुला," नवरा हसला.

"वाळेपर्यंत कशालाही हात लागला तर सगळं बिघडतं. तेवढा कुकर बंद कर ना."

त्याने कुकर बंद केला. मग बेल वाजली, तोच उठला. मग मशीनमधले कपडे वाळत घालायचे निघाले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी साहेबांना कपड्यांचे चिमटे कुठे असतात याचा शोध लागला.

"अजून वाळलं नाही?" तो बाल्कनीतून ओरडला.

"आत्ता कुठे तडे पडायला लागलेत!"

समोर बसलेल्या सासूबाई मघापासून सगळं बघत होत्या. त्या उठल्या, चष्मा सावरला आणि माझ्या अंगठ्याच्या नखावर बोट दाबलं. नख खडखडीत वाळलेलं. मी पटकन बाल्कनीकडे पाहिलं.

त्या माझ्या शेजारी टेकल्या आणि आपली दहाही बोटं माझ्यापुढे पसरली.

"मलाही लाव," त्या हळूच म्हणाल्या. "तुझे सासरे सकाळपासून नुसता पेपर वाचत बसलेत."