ओट्याचं माप

पेठ रोडच्या पुढे, रानाच्या कडेला माझ्या मित्राचं, शेखरचं घर मी आखलं. भिंती, छप्पर, स्वयंपाकाचा ओटा, सगळं कारखान्यातून तयार येणार. जागेवर फक्त जोडायचं.

असा ओटा मागाहून हलवता येत नाही. म्हणून मी आधीच राबणाऱ्या बाईचं माप घेतो: कोपराखाली चार बोटं. शेखरच्या आई, कुसाबाई, पदर खोचून पुढे आल्या. स्वयंपाक त्याच करायच्या. सुनेच्या, उज्वलाच्या, खांद्याला जेमतेम लागायच्या.

"तू कशाला गं? तू आता किती दिवसांची?" शेखर हसला. "उज्वलाचं घे रे."

कुसाबाईंच्याच हातची भाकरी माझ्या पोटात होती. कीर्तनात आईचं आख्यान लागलं की मी हमखास रडतो. तरी टेप लावली ती उज्वलावहिनींना. कुसाबाई हात पुढे करून तशाच उभ्या होत्या.

घर जोडून व्हायच्या आत त्या गेल्या.

काल दुपारी शेखरने बोलावलं. "ओटा उंच झालाय म्हणते ही."

मी टेप लावली. चौतीस इंच. आराखड्यात होता तेवढाच.

"बघा ना भाऊजी," उज्वलावहिनी म्हणाल्या, "पोळी लाटताना जोरच येत नाही." त्यांनी हात दुमडून दाखवला. कोपर ओट्याच्या खालीच राहिलं. अंगातला त्यांचाच नेहमीचा गाऊन आता चहूबाजूंनी फरशीवर लोळत होता.

शेखर बायकोकडे बघतच नव्हता. तो टेपकडे बघत होता.

"माप बरोबर आहे," मी म्हणालो. माझी मान काही वर झाली नाही.