गुडघ्यांची काळजी

डॉक्टरांनी आईला बजावलं, "यापुढे जमिनीवर अजिबात बसायचं नाही. गुडघ्यांची पार वाट लागलीय." नेमकी तेव्हाच तिने ताईच्या डबल बेडसाठी गोधडी शिवायला घेतली होती. वरचं कापड, कापूस आणि अस्तर एकावर एक पसरून कच्चे टाके घालायचं काम ती आजवर जमिनीवर रांगतच करत आलेली.

बाबांनी डोकं चालवलं. गोधडी जेवायच्या टेबलावर पसरली, लोंबणाऱ्या कडांची ओढ बसू नये म्हणून घरातल्या सगळ्या खुर्च्या त्यांच्याखाली लावल्या आणि आईच्या हातात सुई दिली.

"उभ्याने मस्त जमतंय हो!" आई खूश झाली. "फक्त पूर्ण होईपर्यंत कोणी हात लावू नका. थर सरकले तर सगळं उसवावं लागेल."

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"उभ्याने थोडं थोडंच होणार रे. लागेल महिनाभर."



तेव्हापासून आम्ही सगळे दोन्ही वेळा जमिनीवर बसून जेवतो, आणि जेवण झालं की मी आणि बाबा आईला काखेत हात घालून उठवतो.