उशीवरून दिसणारं छत

“आधी छत रंगवा हो, भिंती मागाहून,” अंथरुणाला खिळलेली बायको रंगारी नवऱ्याला सारखी सांगायची. “अगं, आलागेला माणूस भिंती बघतो. छताला कोण विचारतो?” तो हसायचा. “गावभर रंग लावता, घरात मात्र दिव्याखाली अंधार!” ती टोमणा मारायची. एकदाचा त्याने शब्द दिला, “उद्या नक्की.” उद्या-उद्या करता करता ती गेली. तिचं अंथरूण आवरताना तो तिच्याच जागी आडवा झाला. समोर छत आलं. ओलीचे काळपट डाग, सुटलेले पोपडे. त्याने आधी रंगवलेल्या गुलाबी भिंती नजरेच्या कडेलाच राहिल्या. बिचारीने वर्षानुवर्षं एवढंच पाहिलं होतं. पुढच्या कामावर त्या घरची सून म्हणाली, “दिवाणखाना आधी घ्या, दादा. सासूबाई पडून असतात, ती खोली शेवटी.” “ताई, आधी तिथलं छत. शब्द दिलाय,” म्हणत शिडी उचलून तो हळूच आत निघाला.